घडविलेला जुनेपणा आणि भोगलेला जुनेपणा : निसान फिगारो मोटारीच्या पुनर्विक्रीचा इतिहास

१. प्रास्ताविक

वस्तू जुनी असणे आणि वस्तू जुनी दिसणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली काळाची करणी, दुसरी कारागिराची. व्यवहारात त्या बहुधा एकाच ठिकाणी आढळतात, म्हणून भाषेलाही त्यांत भेद करण्याचे प्रयोजन क्वचितच पडते. मराठीत ‘जुना’ हे एकच विशेषण दोहोंना पुरते. या शब्दाच्या भोवती मात्र भाषेने अनेक छटा जमविल्या आहेत. ‘जुनाट’मध्ये तुच्छता आहे, ‘जुनापुराणा’मध्ये झीज आहे, ‘जुनाजाणता’मध्ये आदर आहे आणि ‘जुन्या वळणाचा’ या प्रयोगात वयाचा निर्देश नसून केवळ रीतीचा किंवा रूपाचा निर्देश आहे. बाजारात रूढ झालेला ‘सेकंडहँड’ हा शब्द यांपैकी काहीच सांगत नाही. तो वस्तूचे वय मोजीत नाही, तिच्यावरून फिरलेले हात मोजतो.

जुन्या वळणाची पण कोरी करकरीत वस्तू बाजारात आली, आणि पुढे तीच वस्तू वापरून खरोखर जुनी झाली, म्हणजे काय घडते? या प्रश्नाचा विचार करण्यास निसान कंपनीच्या ‘फिगारो’ या छोट्या मोटारीइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. १९९१ साली ती विक्रीस आली तेव्हा तिचे रूप तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे होते आणि वय शून्य होते. आज तिचे वयही तीस वर्षांच्या पलीकडे गेले आहे. आज जो कोणी ती विकत घेतो तो वापरलेली गाडीच घेतो. प्रस्तुत निबंधात या मोटारीच्या जन्माचा, देशांतराचा आणि पुनर्विक्रीचा वृत्तान्त देऊन एक मत मांडावयाचे आहे : घडविलेला जुनेपणा हा भोगलेल्या जुनेपणाला झाकतो, आणि म्हणून अशा वस्तूच्या खरेदीदाराला इतिहाससंशोधकाप्रमाणेच रूप बाजूस ठेवून पुराव्याची चिकित्सा करावी लागते.

२. रूपाचा उगम

‘रेट्रो’ हा शब्द मूळचा लॅटिन उपसर्ग. त्याचा अर्थ ‘मागे’. त्याला स्वतंत्र विशेषणाची प्रतिष्ठा १९७० नंतरच्या दशकात फ्रेंच भाषेत मिळाली. नजीकच्या भूतकाळातील वेषभूषा व चित्रपट यांविषयी तेथे जी ओढ उत्पन्न झाली होती, तिला हे नाव पडले. हा भूतकाळ फार दूरचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याचे साक्षीदार अद्याप हयात आहेत, ज्याच्या वस्तू घरातल्या माळ्यावर अजून सापडतात, असाच काळ या शब्दाच्या कक्षेत येतो. पुरातन वास्तू ‘रेट्रो’ ठरत नाही. आईवडिलांच्या तारुण्यातील रेडिओ ठरतो.

मोटारनिर्मितीत या वृत्तीचा पद्धतशीर उपयोग प्रथम निसानने केला. १९८५ च्या तोकियो प्रदर्शनात कंपनीने ‘बी-१’ नावाचा एक नमुना मांडला. त्याच्या कल्पनेत नाओकी साकाई या संकल्पकाचा मोठा वाटा होता. त्या काळच्या मोटारी काटकोनी व टोकदार असत. हा नमुना गोलसर व साधा होता. १९८७ मध्ये दहा हजार गाड्यांची मर्यादा घालून तो विक्रीस काढण्यात आला आणि मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे गेली. १९८९ मध्ये ‘पाओ’ ही गाडी आली. तिच्या बाबतीत संख्येऐवजी मुदतीची मर्यादा घालण्यात आली. तीन महिन्यांत जेवढी नोंदणी होईल तेवढ्याच गाड्या बांधावयाच्या, असा तो संकेत होता. नोंदणी पन्नास हजारांच्या वर गेली. त्याच वर्षीच्या तोकियो प्रदर्शनात फिगारोचे दर्शन घडले आणि १९९१ च्या फेब्रुवारीत तिची विक्री सुरू झाली.

या तिन्ही गाड्यांचा अंतर्भाग एकच, म्हणजे निसानच्या ‘मार्च’ या सामान्य छोट्या मोटारीचा होता. ही मोटार युरोपात ‘मायक्रा’ या नावाने ओळखली जाई. फिगारोला ९८७ घनसेंटीमीटरचे टर्बो इंजिन आणि तीन गतींचा स्वयंचलित गिअर होता. आत वातानुकूलन होते, कातडी बैठका होत्या, आणि जुन्या रेडिओसारख्या दिसणाऱ्या दर्शनी भागात सीडी वाजविण्याची सोय होती. छत कापडी असून ते मागे दुमडता येई. दोन्ही बाजूंच्या चौकटी मात्र जागीच राहत. रंग चारच होते – पाचूसारखा हिरवा, फिका निळसर, पिवळसर तपकिरी आणि करडा – आणि ते चार ऋतूंचे निदर्शक म्हणून योजिले होते. विक्रीचे बोधवाक्य ‘भविष्याकडे परत’ अशा अर्थाचे होते. निसानचे नाव गाडीच्या दर्शनी भागावर मिरविण्यात आले नव्हते. अशा रीतीने गाडीला गाव, घराणे आणि काळ या तिन्ही दृष्टींनी अनाम ठेवण्यात आले. ती पाहणाऱ्याला युरोपातील १९५०-६० च्या सुमाराची वाटे, पण नेमकी कोणत्या देशाची, हे सांगता येत नसे.

या प्रयोगाला अनुकूल आर्थिक परिस्थितीही होती. जपानच्या शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ३८,९०० च्या पलीकडे गेला होता. पैसा मुबलक होता आणि वेगळेपणाला किंमत होती. फिगारो बाजारात आली तोपर्यंत या भरतीला ओहोटी लागली होती. परंतु तिची कल्पना भरतीच्या काळातील आहे, हे विसरता कामा नये.

३. टंचाईचे दोन प्रकार

फिगारोची संख्या प्रथम आठ हजार ठरली होती. मागणी पाहून ती वीस हजारांपर्यंत वाढविण्यात आली. तरीही इच्छुक अधिक राहिले, म्हणून ग्राहकांची निवड सोडतीने झाली. दर्शनी किंमत १८ लक्ष ७० हजार येन होती. ज्याला गाडी हवी त्याने पैसे देणे पुरेसे नव्हते. त्याचे नावही निघावे लागे.

मराठी वाचकाला येथे मुंबईचे एक उलट उदाहरण सहज आठवेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बांधली जाणारी फियाट ११०० डी, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, तीही जुन्या रूपाची नवी गाडी होती. तिलाही प्रतीक्षायादी असे. परंतु तेथे रूप जुने राहिले ते कोणाच्या स्मरणरंजनासाठी नव्हे. परवाना पद्धतीत नवे रूप आणण्याची निकड नव्हती आणि सवडही नव्हती, म्हणून ते राहिले. तेथील टंचाई शासनाच्या धोरणातून आली होती, जपानमधील टंचाई विक्रीच्या योजनेतून. कारणे इतकी भिन्न असूनही पुनर्विक्रीच्या बाजारावर होणारा परिणाम एकाच जातीचा होता. नवी वस्तू मिळत नसल्यामुळे वापरलेल्या वस्तूला तिच्या वयाशी न जुळणारी किंमत येते. वापराने मोल घटते हा सामान्य नियम तेथे ढिला पडतो.

मात्र एका बाबतीत दोन्ही उदाहरणे वेगळी पडतात. पद्मिनीचे जुने रूप हे खरोखरच्या सातत्याचे चिन्ह होते. तिचा साचा, तिचे सुटे भाग, तिचा दुरुस्ती करणारा मिस्त्री आणि त्याचे ज्ञान हे सर्व एकाच परंपरेतले होते. फिगारोच्या रूपामागे अशी परंपरा नव्हती. तिचे इंजिन मार्चचे, म्हणून त्याचे सुटे भाग इतर गाड्यांशी जुळणारे. पण तिचे पत्रे, काच, छत आणि अंतर्गत शोभेच्या वस्तू केवळ तिच्याच. वीस हजार गाड्यांनंतर त्या घडविण्याचे काम संपले. म्हणजे ज्या भागांसाठी ती घेतली जाई तेच भाग पुढे दुर्मीळ होणार, हे तिच्या जन्मातच ठरले होते.

४. देशांतर आणि वयाचे कायदे

फिगारो केवळ जपानसाठी बांधली होती. तरी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती ब्रिटनमध्ये वापरलेल्या स्थितीत जाऊ लागली आणि तेथे तिचे जणू दुसरे घर झाले. याची कारणे तीन. दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सुकाणूची बाजू बदलावी लागत नाही. जपानमध्ये खाजगी मोटारीची शासकीय तपासणी नोंदणीनंतर तिसऱ्या वर्षी व पुढे दर दोन वर्षांनी होते. तिचा खर्च मोठा असल्याने गाडी फार काळ न ठेवता विकण्याकडे लोकांचा कल असतो. आणि तिसरे असे की, ज्या काळाचे अनुकरण ही गाडी करते त्या काळाची स्मृती ब्रिटनमध्येच अधिक जिवंत होती. २००७ ते २०११ या काळात बीबीसीने प्रसृत केलेल्या ‘सारा जेन ॲडव्हेंचर्स’ या मालिकेच्या नायिकेला फिगारोच देण्यात आली. जपानी गाडी इंग्रजी जुनेपणाची खूण म्हणून स्वीकारली गेल्याचा हा सार्वजनिक पुरावा होय.

या स्थलांतरात निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी ‘जुनी मोटार’ या शब्दाला निरनिराळे अर्थ दिले, आणि ते एकापुढे एक मांडून पाहण्याजोगे आहेत. भारताने २००१ मध्ये वापरलेल्या मोटारींची आयात सशर्त खुली केली. त्या अटींनुसार गाडी उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणू उजव्या हाताला असावे आणि ती मुंबईच्याच बंदरात उतरावी. फिगारो तोवर दहा वर्षांची झाली होती, त्यामुळे या दाराने तिला प्रवेशच नव्हता. ब्रिटनमध्ये परदेशी बनावटीच्या एकेका गाडीची जी मान्यता-चाचणी असते, तीतून दहा वर्षांहून जुनी गाडी सुटते. कॅनडात ही मर्यादा पंधरा वर्षांची आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला तेथील सुरक्षानियमांची अट लागू होत नाही. म्हणून फिगारो २०१६ पासून तेथे उतरू लागली. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांची गाडी ऐतिहासिक वाहन गणली जाते व तिला वाहनकर माफ होतो. हाच नियम कायम राहिला तर फिगारोला तो मान २०३१ नंतर मिळेल. याच्या उलट खुद्द जपानमध्ये तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीवर वाहनकर वाढतो.

म्हणजे एकच वस्तू एका देशात वयामुळे दाराबाहेर राहते, दुसऱ्यात वयामुळेच आत येते आणि मायदेशी वयामुळे दंड भरते. या सर्व नियमांत रूपाचा कोठेही विचार नाही. कायदा फक्त भोगलेला जुनेपणा जाणतो. जी गाडी लोक तिच्या दिसण्यावरून जुनी म्हणत होते, तिला कायद्याने जुनी म्हणण्यास दहा, पंधरा किंवा पंचवीस वर्षे वाट पाहावी लागली.

५. पुराव्याची चिकित्सा

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. २००१ मध्ये त्यांना ज्या कार्यासाठी इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा तो पाया होय. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा म्हणून सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि सदोष उरतात. सदोष गाडीला अमेरिकन बोलीत ‘लिंबू’ म्हणतात. मराठीत याला नेमका प्रतिशब्द नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मराठीतला ‘खटारा’ हा मूळचा माल वाहणारा गाडा. मोटारीला तो शब्द लावला जातो तो तिचा खडखडाट ऐकून व अवकळा पाहून. खटाऱ्याचे दोष उघडे असतात, लिंबाचे झाकलेले. फिगारोच्या बाबतीत धोका खटाऱ्याचा नव्हे, लिंबाचा आहे. कारण सुस्थितीतली आणि पोखरलेली अशा दोन्ही गाड्यांचा चेहरा सारखाच गोड असतो.

जपानी वाहन-लिलावांनी या अडचणीवर जो उपाय काढला तो भाषाभ्यासकांनीही पाहण्यासारखा आहे. लिलावात प्रवेश केवळ सभासद व्यापाऱ्यांना असतो. परदेशी ग्राहक मध्यस्थामार्फत बोली लावतो आणि गाडी प्रत्यक्ष पाहत नाही. त्याच्या हाती येतो तो तपासनिसाने भरलेला एक कागद. त्यावर गाडीचा उकललेला आराखडा असतो आणि प्रत्येक दोषाच्या जागी एक अक्षर व एक आकडा. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे खळगा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेली लाट, ‘एस’ म्हणजे गंज, ‘सी’ म्हणजे गंजाने पोखरलेला भाग. आकडा वाढेल तसा दोष मोठा. याखेरीज गाडीला एकंदर गुण दिलेले असतात, आणि अपघातानंतर सांगाडा दुरुस्त झाला असल्यास ‘आर’ हे अक्षर येते. लिलावगृहागणिक या चिन्हांत थोडेफार अंतर असले, तरी त्यांचे व्याकरण एकच आहे. या भाषेत विशेषणे नाहीत. ‘सुंदर’, ‘मोहक’, ‘जुन्या थाटाची’ असे काहीही तीत म्हणता येत नाही. जाहिरातीने जे सांगितले त्यातले काहीही हा कागद सांगत नाही, आणि जाहिरातीने जे लपविले तेवढेच सांगतो.

यांतील ‘एस’ हे अक्षर ‘साबी’ या जपानी शब्दाचे. साबी म्हणजे गंज. याच उच्चाराचा दुसरा शब्द जपानी सौंदर्यविचारात मानाचा आहे. बाशो या कवीच्या संप्रदायाने काळाच्या स्पर्शाने येणाऱ्या एकाकी, मंद सौंदर्याला ‘साबी’ म्हटले. हे दोन्ही शब्द निराळ्या अक्षरचिन्हांनी लिहिले जातात, पण त्यांचे मूळ एकच असल्याचे मानले जाते. फिगारोच्या संकल्पकांनी दुसरी साबी गाडीच्या रूपात आणू पाहिली. पहिली साबी काळाने आपणहून आणली. वापरलेली फिगारो घेणारा दुसरीच्या ओढीने येतो आणि पहिलीचा हिशेब त्याला चुकता करावा लागतो.

हा हिशेब डोळ्यांनी सहज होत नाही. फिगारोची पुढची मडगार्डे पत्र्याची नसून प्लास्टिकची आहेत. ती गंजत नाहीत. म्हणून त्यांच्या तकाकीवरून मागच्या पोलादाविषयी काहीच अनुमान काढता येत नाही, उलट दिशाभूलच होते. कापडी छताच्या कडांतून झिरपणारे पाणी तळाच्या पत्र्यापर्यंत पोचते आणि वरचे कातडे मात्र पुसून चकचकीत ठेवता येते. जाणता खरेदीदार म्हणून गाडी समोरून पाहण्याआधी खालून पाहतो. दरवाजाखालचे उंबरे, जॅक लावण्याच्या जागा आणि मडगार्डामागचा सांगाडा तो तपासतो. टर्बोच्या धुराकडे, पाण्याच्या उष्णतेकडे आणि गिअर बदलताना बसणाऱ्या धक्क्याकडे लक्ष देतो.

अंतरमापकाचे आकडेही देशांतरात अर्थ बदलतात. जपानमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते, ब्रिटनमध्ये मैलांत. ८०,००० किलोमीटर म्हणजे सुमारे ४९,७०० मैल. आकड्यापुढचा शब्द गळाला, किंवा वेगमापक बदलताना जुनी नोंद राहिली नाही, तर त्याच आकड्याने गाडी दीडपटीहून अधिक वापरलेली ठरते किंवा तितकीच कमी. अशा वेळी कागद एकमेकांशी ताडून पाहणे हाच मार्ग उरतो : लिलावाचा कागद, जपानमधील नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, आणि ब्रिटनमधील वार्षिक तपासणीच्या नोंदी. २००५ नंतरच्या या नोंदी कोणालाही पाहता येतात व त्यांत दरवेळचे अंतर लिहिलेले असते. मोडी कागदाची चिकित्सा करणारा अभ्यासक अक्षराच्या वळणावर न विसंबता कागद, मिती, शिक्का आणि मजकुरातले संदर्भ ताडून पाहतो. जुने वळण गिरविणे अवघड नसते, हे त्याला ठाऊक असते. येथेही तेच. फिगारो ही बनावट सनद नव्हे, कारण तिने आपले वय कधी खोटे सांगितले नाही. पण तिचे वळण तिचा काळ सांगत नाही, ही गोष्ट मात्र तशीच आहे.

६. उत्तरकालीन उदाहरणे

फोक्सवॅगनची नवी बीटल (१९९८ च्या सुमारास), बीएमडब्ल्यूची मिनी (२००१) आणि फियाटची नवी ५०० (२००७) या गाड्या याच वृत्तीच्या. परंतु त्यांची जात वेगळी आहे. त्यांनी आपापल्याच पूर्वजाचे रूप घेतले. मिनीचा मूळ पुरुष १९५९ चा, फियाट ५०० चा १९५७ चा. त्यांना संख्येची मर्यादाही नव्हती. त्या मोठ्या प्रमाणावर बांधल्या गेल्या. त्यामुळे वापरलेल्या बाजारात त्यांची किंमत साधारण मोटारीप्रमाणे वयाबरोबर उतरली. रूप केवळ जुने असण्याने मोल टिकत नाही, हे त्यांवरून दिसते. फिगारोचे मोल टिकले ते संख्येच्या मर्यादेमुळे, आणि मागे कोणताही पूर्वज नसल्यामुळे. जिची मूळ प्रत अस्तित्वातच नाही अशी ती प्रतिकृती आहे. म्हणून अस्सल गाडी घेण्याचा पर्याय तिच्या ग्राहकापुढे नसतो.

७. उपसंहार

वरील वृत्तान्तातून निष्पन्न होणारी गोष्ट अशी. फिगारो नवी होती तेव्हा तिचे रूप तिच्या काळाला झाकीत होते. ती वापरून जुनी झाली तसतसा तो काळच उघडा पडू लागला. आज तिच्यात बसणाऱ्याला १९५० च्या दशकातील युरोप भेटत नाही. भेटतो तो १९९१ चा जपान. टर्बो इंजिन, वातानुकूलन, सीडी आणि सोडतीने मिळालेला मालकी हक्क या त्या काळाच्या खुणा होत. काही मालक या खुणा काढून टाकून गाडीला अधिक ‘जुनी’ करू पाहतात. हौस म्हणून त्यास कोणी हरकत घेणार नाही. परंतु घडविलेला जुनेपणा वाढविण्यासाठी भोगलेला जुनेपणा पुसला जातो, आणि वस्तूत जो एकमेव खरा इतिहास साठला होता तोच नाहीसा होतो, हे नमूद केले पाहिजे.

‘जुने ते सोने’ ही म्हण कोणत्या जुन्याविषयी आहे, हे ती सांगत नाही. फिगारोच्या बाजाराने तीन दशकांत त्याचा निवाडा केला असे दिसते. खरेदीदाराला ओढून आणतो तो पहिला जुनेपणा. पण किंमत ठरते ती दुसऱ्यावर, म्हणजे गंजाच्या जागा, तपासणीच्या नोंदी आणि एकमेकांशी जुळणारे आकडे यांवर. वस्तूंच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना शैलीवरून कालनिर्णय करण्याची सवय असते आणि ती बहुधा उपयोगीही पडते. शैली जेथे मुद्दाम मागे वळविलेली असते तेथे मात्र ती सवय आवरून, मडगार्डामागचे पोलाद पाहण्याची तयारी ठेवावी लागते.